फक्कीची रेघ

बाईंवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, ते काही तो पूर्ण फिटला म्हणून नव्हे. पूर्ण फिटला असता तर सगळ्यांत जास्त वाईट त्यांनाच वाटलं असतं.

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या शेतकरी कंपनीची डाळ मिल आहे. आसपासच्या गावांतल्या तूर पिकवणाऱ्यांनी भागभांडवल घालून उभी केलेली. माझे वडील तिचे सभासद, माझी आत्या तिथं रोजानं कामाला, आणि मी ऑफिसात. बाई संचालक मंडळावर होत्या. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पीटी शिकवली आणि जिल्हाभरच्या कबड्डीच्या सामन्यांत पंचगिरी केली. मूर्तिजापूरकडं वाट्याला आलेली थोडी शेती, तिच्यावर तूर, म्हणून सभासद. मंडळात एक तरी बाई दिसायला हवी होती, म्हणून संचालक. ज्यांनी त्यांना निवडून आणलं ते खासगीत म्हणायचे, "म्हातारी चहा पिईन, सही करीन अन् गाडी पकडीन."

म्हातारीनं चहा कधीच प्यायला नाही. मिलचं पाणीसुद्धा नाही. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी आणि खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःचा डबा आणि फक्कीची पुडी. मैदान आखायला वापरतात ती चुन्यासारखी पांढरी पूड. बैठक असली की त्या आधी मिलच्या मोठ्या दाराशी जायच्या, कमरेत वाकायच्या आणि उंबऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्कीची सरळ रेघ ओढायच्या. मग रेघेच्या बाहेर प्लास्टिकची खुर्ची मांडून आत बघत बसायच्या. बैठक सुरू होईपर्यंत तिथंच.

"या रेघेच्या आत संचालकाचा पाय पडनार नाई," त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं.

"काहून? मिल आपली नाई का?" काकाजींनी विचारलं. काकाजी मंडळातले सगळ्यांत जुने संचालक, मिलसाठी जागा मिळवण्यापासून राबलेले.

"आपली हाय. म्हनूनच."

आता काकाजी आत जाऊन काय करायचे ते सांगायला हवं. हंगामात तुरीच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागते. काकाजी यायचे, थेट मशीनपाशी जायचे आणि मिलचे मिस्त्री सलीमभाई यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "सलीम, माह्या गाडीतला माल पैले घे." ते गेले की दुसरे संचालक यायचे, आणि त्यांचा माल पैले. तिसऱ्यांना आपली ओलसर तूर चांगल्या प्रतीत घालून हवी असायची. सलीमभाई एकदा वैतागून म्हणाले होते, "मेरे को एक मालिक दो रे बाबा, दस नको. कोन्ते बटन दाबू तेच समजत नाई." मॅनेजर नावाचा प्राणी तेव्हाही होता, पण तो ऑफिसात बसून संचालकांना चहा सांगायचा.

बाईंच्या रेघेनं हे थांबलं. रांगेतला माल रांगेनं लागू लागला. कोणालाही वाटेल की मी खूश झाले असेन. मी भडकले.

कारण मी ज्या घरात वाढले तिथं पुस्तकांच्या आधी पत्रकं होती. आमचं घर अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडं, जुन्या शहरात. वडील शेती सांभाळून सभांना जायचे आणि परतताना पत्रकांचे गठ्ठे आणायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि मग पाठ उलटून छापलेली वाचू लागले. त्या सगळ्यांत वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलेलं असायचं: ज्याच्या घामानं उभं राहिलं, त्याला दारात अडवू नका. आणि इथं ही अमरावतीची बाई शेतकऱ्याला त्याच्याच मिलच्या दारात अडवत होती. आत मोकळा कोण होता? पगारी मॅनेजर. नवा, तरुण, शिकून आलेला, सगळ्यांना आवडणारा. मी विचार केला, हिला इथं कोणी बसवलं? त्याच्यासाठी रस्ता साफ करायलाच नाही ना?

मी पत्रक काढलं. 'मालकालाच दार बंद?' असा मथळा, खाली पानभर आग. सकाळी मिलच्या फाटकावर चिकटवलं. बाई आल्या, चष्मा लावला, उभ्यानं पूर्ण वाचलं. मग सरळ माझ्या टेबलाशी आल्या.

"चांगलं लिवलं," त्या म्हणाल्या. "पन खाली नाव नाई."

"कोणाचं नाव?" मी म्हटलं.

"लिवनाऱ्याचं. संशय घेनाऱ्यानं नाव लपवू नये पोरी. नाई तं त्याच्यावर कोन संशय घेईन?"

मी उठले, पेन घेतला आणि फाटकावर जाऊन त्यांच्यासमोर माझं नाव लिहिलं. त्या समाधानानं मान हलवून दाराकडं गेल्या, रेघ ओढायला. पत्रक काढून टाका, असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पावसानं गळेपर्यंत ते तिथंच होतं.

त्यांचा एक प्रश्न होता. बैठकीत कोणताही विषय आला तरी तोच. "कोनं केलं? अन् कोनं पाह्यलं?" पोत्यांसाठी नवीन बारदाना घेतला: कोनं केलं, कोनं पाह्यलं? वजनकाटा दुरुस्त झाला: कोनं केलं, कोनं पाह्यलं? दोन्ही प्रश्नांना एकच नाव आलं की त्या शिट्टी वाजवायच्या. खरोखर वाजवायच्या, बंद खोलीत. काकाजी कानावर हात ठेवून म्हणायचे, "बाप्पा वो बाई, इथं काय पोट्ट्यायची शाळा भरली का?"

"शाळा असती तं छडी आनली असती," बाई म्हणायच्या.

एकदा पुण्याहून प्रशिक्षण द्यायला एक सर आले होते. संचालकांना 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स आणि कॉर्पोरेट मॅनेजमेंट यांतील फरक' समजावणं हा विषय. भिंतीवर चित्रं, चौकोन, बाण. जेवणानंतरची वेळ. काकाजी अगदी मनापासून घोरत होते. सरांनी विचारलं, "कळलं का सगळ्यांना?" सगळे हो म्हणाले. सलीमभाई पाण्याचे ग्लास घेऊन आले होते, ते म्हणाले, "साहेब, मले नाई समजलं."

सर पुन्हा पहिल्या चौकोनाकडं निघाले, तेवढ्यात बाई उठल्या. "सलीमभाई, कबड्डी खेळले का कधी?"

"हाव, भल्ली खेळलो."

"चढाई कोनं करायची, हे पंच सांगते का?"

"नाई. ते कॅप्टन सांगते."

"अन् चढाई करून आलेला गडी बाद का नाबाद, हे कॅप्टन सांगते का?"

"तो सांगीन तं सगळेच नाबाद!"

"झालं मंग. मॅनेजर खेळवते, मंडळ पाह्यते. फरक इतकाच, की आपलं मंडळ नुसतं पंच नाई. मिल कोन्या गावाले न्याची ते मंडळानं ठरवाचं. नेनारा मानूस मंडळानं नेमाचा. अन् तो तिकडंच चालला का, कोनाले चिरडत तं नाई चालला, हे डोळे उघडे ठेवून पाहात बसाचं. पन चाक आपन धराचं नाई."

"आनि चाक धरलं तं?"

"तं पंचाचा खेळाडू झाला. खेळाडूनं शिट्टी वाजवली तं कोन ऐकते?"

पुण्याचे सर ते लिहून घेत होते. मला त्यांचाही राग आला. पण सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मी रेघेकडं दोन्ही बाजूंनी पाहिलं. तोवर मला वाटत होतं की ती संचालकांना बाहेर ठेवते. मॅनेजरला ती आत ठेवते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बैठकीत तो एकदा सहज अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीत टेकला होता तर बाईंनी त्याला उठवलं होतं. "ते तुमची जागा नाई." त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता आणि मला त्याचीच दया आली होती.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण व्यक्तिचित्रात एक भला आणि एक बदमाश ठेवला की वाचणाऱ्याला बरं वाटतं. तो सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. एका वर्षी अवेळी पाऊस आला, गच्चीवर वाळत घातलेली तूर भिजणार होती, तेव्हा तो स्वतः ताडपत्री ओढत होता. डाळ निवडणाऱ्या बायांना हातमोजे त्यानंच आणले. माझी आत्या त्याचं नाव निघालं की म्हणायची, "देवमानूस हाय पोट्टा." मी बाईंना हे ऐकवलं.

"असंन," बाई म्हणाल्या. "चोराले कोनीही इचारते. चांगल्या मानसाले कोनी इचारत नाई. म्हनून तिथं जास्त पाह्यलं पाह्यजे."

"म्हणजे तुमचा त्याच्यावर विश्वास नाही?"

"पंचाले विश्वासाचं काय काम?"

हे ऐकून मला त्या माणूस आहेत की दगड, अशी शंका आली. ती शंका अजून माझ्याजवळ आहे.

आता पट्ट्याची गोष्ट. तूर भरडताना तुकडे आणि टरफलं पडतात, त्याला चुनी म्हणतात. ढोरांना घालतात. ही चुनी मशीनच्या पट्ट्याखाली साचते आणि झाडावी लागते. पट्ट्यावर लोखंडी जाळी असते, कोणाचा हात किंवा पदर आत ओढला जाऊ नये म्हणून. जाळी असली की झाडायला मशीन बंद करा, बोल्ट काढा, झाडा, पुन्हा बसवा. हंगामात एवढा वेळ कोणाकडं नसतो. जाळी नसली की मशीन चालू असतानाच कामावरची एखादी बाई खाली वाकून झाडायच्या फड्यानं चुनी ओढू शकते. ती बाई म्हणजे माझी आत्या.

आत्यानं घरी कधी सांगितलं नाही. बाईंना कळलं ते त्या दाराशी बसत म्हणून. पाणी प्यायला बाहेर येणाऱ्या बाया त्यांच्या खुर्चीजवळ घटकाभर थांबायच्या. बैठकीत बाईंनी विचारलं, "जाळीचं काय हाय?"

मॅनेजर म्हणाला, "मध्ये काढावी लागली होती. आता बसवली आहे."

"कोनं पाह्यली?"

"मी स्वतः बसवली, स्वतः पाहिली."

शिट्टी वाजायला हवी होती. मी त्यांच्याकडं पाहत होते. त्यांचा हात शिट्टीकडं गेलाही. पण बैठक लांबली होती, अमरावतीच्या गाडीची वेळ झाली होती, आणि समोरचा माणूस खरं बोलत होता. त्यानं जाळी बसवली होती, हे खरंच होतं. बाई "बरं" म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. त्यांच्या तोंडून असं 'बरं' मी तेव्हाच ऐकलं.

पुढच्या बैठकीच्या दिवशी हंगाम ऐन भरात होता. मी काही कागदांवर सह्या घ्यायला दाराशी गेले होते. बाई रेघ ओढून खुर्चीत बसल्या होत्या. आत धूळ इतकी की समोरच्या भिंतीवरची खिडकी पिवळी दिसत होती. मी कागद पुढं केले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. त्या आत बघत होत्या. मीही पाहिलं. पट्टा उघडा होता. आत्या त्याच्याखाली वाकली होती, तोंडाला धुळीसाठी बांधलेल्या स्कार्फचं टोक पाठीवर लोंबत होतं आणि पट्ट्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं.

बाईंनी शिट्टी वाजवली. मिलच्या आवाजात ती माझ्यापर्यंतसुद्धा धड पोहोचली नाही. पुन्हा वाजवली. स्कार्फ ताठ झाला. आत्याचं डोकं मागं ओढलं गेलं.

मी किंचाळले तोवर खुर्ची आडवी पडली होती आणि त्या वयातली ती बाई साडी खोचून धावत होती. थेट भिंतीवरच्या मोठ्या खटक्याकडं. मिल बंद झाली. पट्टा आचक्यानं थोडा फिरला आणि थांबला. सलीमभाईंनी कात्रीनं स्कार्फ कापला. आत्याच्या गळ्याभोवती लाल वळ उठला होता. ती खाली बसली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "मशीन काहून बंद केली वो? साहेब रागावतीन ना."

मॅनेजर ऑफिसातून धावत आला. आत्याला पाहिलं आणि भिंतीला टेकला. "मागच्या आठवड्यात काढली," तो म्हणाला. "फक्त हंगामापुरती. मी रोज लक्ष ठेवत होतो." तो रडत होता, आणि मला ते रडणं खोटं वाटलं नाही. तरी मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दारातली रेघ पुसटली होती. पांढऱ्या बुटांचे ठसे फक्कीतून आत गेलेले स्पष्ट दिसत होते. बाई त्या ठशांकडं बघत उभ्या होत्या. मग वर बैठकीच्या खोलीत गेल्या आणि राजीनामा लिहून अध्यक्षांच्या हातात दिला.

मी जिन्यातच अडवलं. "हे काय? जीव वाचवला तुम्ही. त्यात राजीनामा कसला? नियम मोडला म्हणून? असल्या नियमाला आग लावा!"

"नियमाचं सोड," त्या म्हणाल्या. "आत धावाची पाळी आली, म्हंजे बाहेर बसून पाहाचं काम मी केलं नाई. त्या दिवशी 'बरं' म्हटलं मी. पंचाची चूक झाली तं पंचानं मैदान सोडावं."

"आणि आता कोण बसणार त्या खुर्चीत?"

त्या जिना उतरू लागल्या. मला वाटलं, हा अहंकार आहे. चूक केली तर थांबून भांडायचं असतं. स्वतःची पाटी कोरी ठेवायला मिल वाऱ्यावर सोडून अमरावतीला निघून जाणं, ही कुठली नीती? मी हे त्यांच्या तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, "हे पत्रकात लिव. नाव टाकून."

मग वार्षिक सभा आली. अध्यक्षांची मुदत संपत आली होती. मिलच्या अंगणात, वाळवणाच्या ओट्यावर ताडपत्र्या टाकून सभासद बसले. डाळ निवडणाऱ्या बाया पाण्याच्या टाकीपाशी उभ्या, कारण त्या सभासद नव्हत्या. काकाजी उठले. त्यांनी मॅनेजरची तारीफ केली, पावसातल्या ताडपत्रीची गोष्ट सांगितली, आणि म्हणाले, "पोरानं आतापावतर दुसऱ्यायच्या हुकमात काम केलं. त्याच्या नावावर शेती हाय, तो सभासद हाय. मी म्हंतो, मॅनेजर तं तो हायेच, आता अध्यक्षही त्यालेच करा. एका हातात कारभार आला की झटपट कामं होतात." टाळ्या पडल्या. माझ्या वडिलांनीही वाजवल्या. त्यांना मी तिथंच कोपरानं ढोसलं.

मागून आवाज आला, "मले बोलाचं हाय."

बाई होत्या. गर्दीत, मांडी घालून, सगळ्यांसारख्या. गळ्यात शिट्टी नव्हती.

"तुमी तं राजीनामा दिला वो बाई," काकाजी म्हणाले.

"संचालकाचा. तूर अजून पिकते माह्या वावरात." त्या उठल्या आणि लोकांमधून वाट काढत मधोमध आल्या. "इतकी वर्सं बाहेर बसली होती. आता खेळाले मोकळी झाली. काकाजी, जाळी कोनं काढली?"

काकाजी मॅनेजरकडं बघू लागले.

"मॅनेजरनं. पाहाचं कोनं होतं? मंडळानं. मंडळ चुकलं, मी चुकली, मले घरी जावं लागलं. उद्या हाच पोरगा अध्यक्ष झाला, अन् जाळी पुन्हा निघाली. इचारनार कोन? अध्यक्ष. कोनाले? मॅनेजरले. आरशासमोर उभा राहून सोतालेच इचारीन का तो?"

मॅनेजर पुढच्या रांगेत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, झालेल्या चुकीची जबाबदारी घेतली मी. तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाई," बाई म्हणाल्या. "तुमीही माह्यावर ठेवू नोका."

लोक हसले. टाकीपाशी हालचाल झाली. आत्या पुढं आली होती. "मले बोलाचं हाय."

"तू सभासद नाईस वं," काकाजी म्हणाले.

"ते सभासद नाई," बाई म्हणाल्या, "पन पट्ट्यात मान तिची होती."

आत्या मॅनेजरकडं बघून एवढंच म्हणाली, "साहेब, तुमी चांगले हा. पन तुमाले सांगाले मले भेव वाटे. बाईले सांगाले नाई वाटे." आणि ती मागं जाऊन उभी राहिली.

हात वर करून मतं मोजायची वेळ आली नाही. मॅनेजरच उठला आणि मला हे पद नको म्हणाला. ते मनापासून होतं की वारा ओळखून, मला अजून ठरवता आलेलं नाही. काकाजी म्हणाले, पुढच्या सभेत पाहू. दाराजवळच्या खुर्चीत कोणी बसायचं, हे मंडळात कोणी बोललं नाही. मी सभेनंतर बाईंना म्हटलं, "मी बसते."

"तू पगार घेतं इथून. तुले नाई बसता येत."

"मग वडील बसतील."

"पोरगी ऑफिसात अन् बाप खुर्चीवर? पुढचं पत्रक मीच काढीन, नाव टाकून."

त्या निघाल्या. मिलच्या दाराशी आल्यावर सवयीनं थांबल्या. रेघ नव्हती, तरी पाय बाहेरच ठेवला. आत अंधार होता, मशीन बंद.

"जाळी बसवली?" त्यांनी विचारलं.

"बसवली. मॅनेजरनं त्याच दिवशी, स्वतः."

"पाह्यली कोनं?"

"आत्यानं. ती म्हणाली, पक्की आहे."

"तिनं तुले सांगतलं. तू पाह्यली का?"

मला राग आला. सभा जिंकून पाच मिनिटं झाली नव्हती. पण त्या हलत नव्हत्या, गाडीची वेळ झाली होती तरी. मी आत गेले. दिवा लावला. जाळी जागेवर होती, नवी, हिरव्या रंगाची. एकेका बोल्टवर हात ठेवत गेले. घट्ट, घट्ट, घट्ट. खालच्या कोपऱ्यातला, आत्या जिथं वाकते तिथला, माझ्या बोटांनी फिरला.

"सलीमभाई!" मी ओरडले. "पाना आणा!"

दारातून आवाज आला, "आवळल्यावर कोन पाहीन?"